जुनी जीप, घाटरस्ता आणि वीतभर रबरी पाइप

निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूर या पट्ट्यातल्या कुठल्याही खेड्यात जा, एखाद्या घराच्या सोप्यापुढे ताडपत्री पांघरलेली जीप अजून दिसते. कुणाच्या आजोबांनी तंबाखूचं पीक चांगलं आलं त्या वर्षी घेतलेली, कुणी लष्कराच्या लिलावातून आणलेली, तर कुणाच्या काकांनी ‘वडाप’साठी घेऊन पुढे शेतावर ठेवलेली. या जीपनं लग्नाची वऱ्हाडं नेली, निवडणुकीचे कर्णे वाजवले, अडलेली बाळंतीण रात्री दवाखान्यात पोचवली. त्यामुळे ती विकायचा विषय निघाला, की घरातली थोरली माणसं गप्प बसतात. गप्प बसली, की विषय संपतो.

आमच्या घरीही अशी एक आहे. उंच बॉनेटची, मागे समोरासमोर बाकं असलेली, १९७८ सालची. मूळचं पेट्रोल इंजिन काढून पुढे तिला डिझेल इंजिन बसवलं. ती सासऱ्यांची, आमच्याकडे सासऱ्यांना ‘मामा’ म्हणतात, म्हणून मीही मामाच म्हणते. माझं माहेर बेळगावचं, शहापूरचं, आणि सासर निपाणीजवळच्या खेड्यातलं. सासूबाई संकेश्वरकडच्या, घरात कन्नड बोलत वाढलेल्या. त्यामुळे आमच्या घरात भांडण मराठीत सुरू होतं आणि कन्नडमध्ये संपतं. या वेळचं भांडण ब्रेकवरून होतं.

माझ्या नणंदेच्या मुलीचा साखरपुडा दिवाळीनंतर सावंतवाडीला ठरला. मामांनी जाहीर केलं, की घरची माणसं आपल्या जीपनंच जाणार. म्हणजे संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा आणि मग आंबोलीचा घाट. माझा मुलगा म्हणाला, ‘‘आज्जा, ती गाडी घाटात न्यायची नाही. विकून टाका आता.’’ मामा म्हणाले, ‘‘तुझ्या बापाच्या लग्नात हीच गाडी हुती. तीस वर्सं घाट चढलीया, उतरलीया. कवा काय झालंय?’’

दोघांचं म्हणणं मला अर्धं अर्धं पटत होतं. गाडी विकण्याइतकी वाईट नव्हती, पण पावसाळ्यानंतर तिच्यात एक खोड दिसू लागली होती. ब्रेक मारून पाय काढला, तरी ती डावीकडे ओढायची. दहा-बारा किलोमीटर चाललं, की पुढच्या डाव्या चाकाजवळ जळका वास यायचा. ड्रमला हात लावला तर चटका बसायचा. उजवा ड्रम मात्र कोमट. कुणी म्हणालं लायनर घासले, कुणी म्हणालं अलाइनमेंट गेली. आमचे हे म्हणाले, ‘‘खंडेनवमीच्या आधी मेस्त्रींना दाखवू या.’’ दुखणं निघालं ते एका वीतभर रबरी पाइपात. पैशानं किरकोळ, पण जिवावर बेतणारी ही गोष्ट जुनी गाडी असलेल्या प्रत्येक घराला माहीत हवी, म्हणून हा लेख.

जीप आपल्याकडे आली कशी?

ही गाडी मुळात लढाईची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विलीज कंपनीनं सैन्यासाठी जीप बनवली. आपल्याकडे १९४५ साली सुरू झालेल्या ‘महिंद्र अँड महंमद’ या कंपनीनं १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. भागीदार मलिक गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि १९४८ पासून कंपनी ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाली. उंच बॉनेटची जीप, म्हणजे सीजे ३बी, अमेरिकेत १९६८ ला थांबली, पण आपल्याकडे त्याच घडणीच्या गाड्या पुढे कित्येक वर्षं निघत राहिल्या. म्हणून आज तिचे सुटे भाग मिळतात आणि तिची नस न् नस ओळखणारे मेस्त्रीही मिळतात.

आपल्या भागाला यंत्राचं वेड तसं जुनंच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. पुढे कडबा कापायची यंत्रं, लोखंडी नांगर असं करत ते १९१० मध्ये किर्लोस्करवाडीला गेले. बेळगावच्या उद्यमबागेत आणि आसपास आज ओतकामाचे आणि हायड्रॉलिक्सचे कारखाने आहेत. हायड्रॉलिक्स म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणारी यंत्रं. जीपचा ब्रेक हेही तेच तंत्र. ते मोटारीत आणलं अमेरिकेतल्या माल्कम लॉकहीड यांनी. १९१७ साली त्यांना या ब्रेकचं पेटंट मिळालं आणि १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग मोटारीला चारही चाकांवर असा ब्रेक बसला.

पायापासून चाकापर्यंत

पेडल दाबलं, की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या ब्रेक ऑइलला ढकलतो. जुन्या जीपला हा सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, फळीच्या खाली असतो. द्रव दाबला जात नाही, तो दाब पुढे सरकवतो. पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञानं सतराव्या शतकात सांगितलेला नियम आपण शाळेत शिकलो, तोच हा. दाब पाइपांतून चारही चाकांच्या सिलिंडरांत पोचतो, तिथले दट्टे ब्रेकशूला ड्रमवर दाबतात आणि चाक थांबतं.

हा दाब केवढा असतो? पायानं तीस किलोचा जोर लावला आणि पेडलच्या तरफेनं तो पाचपट झाला, तर इंचभर व्यासाच्या सिलिंडरात दर चौरस सेंटिमीटरला तीस किलोच्या आसपास दाब तयार होतो. टायरमधल्या हवेचा दाब दोन किलोच्या घरात असतो. म्हणजे टायरच्या पंधरापट.

हा दाब बहुतेक वाटेवर लोखंडी पाइपांतून जातो. पण चासी एका जागी आणि चाकं मात्र खड्ड्याप्रमाणे वर-खाली होणारी, पुढची तर वळणारीही. तिथं लोखंडी पाइप दोन दिवसांत मोडेल. म्हणून त्या जोडावर रबरी पाइप असतो, तो होज पाइप. आमच्या गाडीला असे तीन आहेत: पुढच्या दोन चाकांना एकेक, आणि मागे चासी व एक्सल यांच्यामध्ये एक. काही गाड्यांत ही संख्या वेगळी असते, म्हणून वाकून मोजून घ्यावी.

आता मुख्य मुद्दा. आजच्या मोटारींत ब्रेकचे दोन वेगळे मार्ग असतात. एक फुटला तरी दुसऱ्यावर गाडी कशीबशी थांबते. आमच्यासारख्या जुन्या जीपला मार्ग एकच. तीनपैकी कुठलाही एक पाइप फुटला, की सगळं ऑइल तिथून वाहून जातं, पेडल फळीला टेकतं आणि चारही चाकांचा ब्रेक जातो. राहतो तो हँडब्रेक. तोही या जुन्या जीपला चाकांवर नसून गिअरच्या मागे, शाफ्टवर असतो. उभी गाडी धरायला तो ठीक, पण घाटात भरली गाडी थोपवायला त्याचा भरवसा धरू नये.

रबर कसं म्हातारं होतं?

ब्रेकचा होज पाइप दिसतो साधा काळा, पण आत तीन थर असतात. सर्वांत आत ब्रेक ऑइल सहन करणारी रबरी नळी, तिच्यावर दाबानं फुगू नये म्हणून घट्ट विणलेलं धाग्याचं जाळं, आणि वरून ऊन, पाणी, चिखल झेलणारं रबर.

वरचं रबर उन्हानं आणि वर्षांनी कडक होतं. पाइप हातानं वाकवला, की बारीक भेगा दिसतात, उन्हाळ्यात तळ्याच्या काठचा गाळ फुटतो तशा. भेगांतून पाणी जाळ्यापर्यंत जातं आणि धागा कुजतो. मग पेडल दाबल्यावर तेवढ्या जागी पाइप फुग्यासारखा फुगतो. ड्रायव्हरला पेडल मऊ लागतं. ही फुटण्याच्या आधीची खूण.

दुसरा प्रकार जास्त फसवा. पाइप बाहेरून चांगला दिसतो, पण आतली नळी फुगून किंवा सोलवटून वाट अडवते. आपण जोरानं दाबतो तेव्हा ऑइल चाकाकडे जातं. पाय काढल्यावर मात्र परत फिरायला जोर नसल्यानं ते तिथंच अडकतं. चाक ब्रेक सोडत नाही, ड्रम तापतो, गाडी एका अंगाला ओढते. आमच्या गाडीचं हेच झालं होतं.

मेस्त्रींनी ते ओळखलं कसं, हेही सांगण्यासारखं आहे. त्यांनी पुढचं डावं चाक उचललं, पेडल दाबून सोडायला लावलं आणि चाक फिरवून पाहिलं. फिरेना. मग त्यांनी होज पाइपच्या वरच्या अंगाचा, लोखंडी पाइपचा जोड थोडा सैल केला. थेंबभर ऑइल आलं, पण चाक तसंच घट्ट. म्हणजे अडकलेला दाब मास्टर सिलिंडरच्या बाजूला नव्हता. जोड पुन्हा आवळून त्यांनी खाली चाकाजवळचं निपल उघडलं. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं. वरून सोडलं तर सुटत नाही, खालून सोडलं तर सुटतं. मग दोष मधल्या पाइपात. मेस्त्री म्हणाले, ‘‘मामा, ह्यो पाइप भाइरनं झ्याक हाय, आतनं मेलाय.’’

मामा म्हणाले, ‘‘मग ह्यो येकच बदल. बाकीचं दोन चांगलं हाईत न्हवं?’’

मेस्त्रींनी नुसती मान हलवली. तिन्ही पाइप एकाच वयाचे. एकानं दम तोडला म्हणजे बाकीच्यांचीही वेळ भरत आली. तीन पाइप, तांब्याच्या वायसर आणि ऑइलचा डबा, या सगळ्याचा खर्च चार माणसांच्या बऱ्या हॉटेलातल्या जेवणाच्या आसपास होता. तेवढ्यासाठी दोन जुने पाइप ठेवणं आमच्या ह्यांनाही पटलं नाही.

पाइप घेताना

पहिल्या दुकानात मिळालेला पाइप मी उलटसुलट करून पाहिला. वेष्टनावर धूळ, आणि पाइप वाकवला तर रबर करकरत होतं. न वापरता कपाटात पडलेलं रबरही म्हातारं होतं. आम्ही तो परत केला आणि दुसरीकडून ताजे घेतले. चांगल्या पाइपावर बनवणाऱ्याचं नाव आणि तारखेची खूण असते. ब्रेकच्या होज पाइपांसाठी आयएस ७०७९ हे भारतीय मानक आहे, त्याचा उल्लेख पाहावा. जुना पाइप सोबत नेऊन लांबी आणि आटे जुळवून घ्यावेत. आखूड पाइप खड्ड्यात ताणला जातो, लांब पाइप चाकाला घासतो.

आपल्या भागात आणखी एक मोह असतो. उद्यमबागेच्या आसपास आणि महामार्गावर ट्रॅक्टर-जेसीबीचे हायड्रॉलिक पाइप बनवून देणारी दुकानं आहेत. एखादा सहज म्हणतो, ‘‘त्योच दाबून घ्या की, लई भक्कम असतोय.’’ तो भक्कम असतो हे खरं, पण तो खनिज तेलासाठी बनवलेला असतो. ब्रेक ऑइल नावाला ऑइल; बहुतेक गाड्यांतलं ते ग्लायकॉल जातीचं रसायन आहे, तेल नव्हे. खनिज तेलाला टिकणारं रबर ब्रेक ऑइलमध्ये बिघडतं आणि ब्रेक ऑइलला टिकणारं रबर खनिज तेलात फुगतं. म्हणून जेसीबीचा पाइप ब्रेकला लावायचा नाही, आणि ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइलचा थेंबही पडू द्यायचा नाही. ज्या फनेलनं डिझेल किंवा इंजिन ऑइल ओतलं, ते फनेलही ब्रेकसाठी घ्यायचं नाही.

काम असं झालं

वाचकांनी स्वतः पाने घेऊन बसावं असं माझं सांगणं नाही. ब्रेकचं काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावं. पण काम बरोबर चाललंय का, हे शेजारी उभं राहून आपल्याला कळायला हवं.

पहिली गोष्ट गाडी उभी करण्याची. सपाट जागा, न उचललेल्या चाकांना पुढून-मागून दगड, आणि जॅकबरोबर भक्कम स्टँड. जुन्या जीपच्या बाबतीत हे दुप्पट महत्त्वाचं. हँडब्रेक शाफ्टवर असल्यामुळे मागचं एक चाक हवेत उचललं, की डिफरन्शियलमुळे ते मोकळं फिरू शकतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकू शकते. नुसत्या हँडब्रेकच्या आणि जॅकच्या भरवशावर कुणी गाडीखाली शिरत असेल, तर त्याला बाहेर ओढा, मग बोला.

नंतर जोडांवरचा चिखल तारेच्या ब्रशनं साफ केला. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं. लोखंडी पाइपचा नट पितळेचा किंवा मऊ लोखंडाचा असतो. साध्या पान्यानं त्याचे कोपरे गोल होतात, म्हणून त्यासाठी पाइपवर चढणारा, एका बाजूनं फट असलेला रिंग पाना मिळतो. एक पाना नटावर आणि दुसरा होज पाइपच्या षटकोनी टोकावर धरायचा. दुसरा पाना लावला नाही, तर लोखंडी पाइप पिळवटून तुटतो.

नवा पाइप बसवताना क्रम पाळावा लागतो. आधी चाकाकडचं टोक नव्या तांब्याच्या वायसरसह आवळायचं, मग दुसरं टोक चासीच्या पट्टीत बसवून क्लिप मारायची, आणि शेवटी लोखंडी पाइप जोडायचा. उलट केलं, तर आवळताना रबराला पीळ बसतो आणि पीळ बसलेला पाइप लवकर मरतो. बसवून झाल्यावर मेस्त्रींनी स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला लावलं आणि प्रत्येक वेळी पाइप कुठं ताणतो, टायरला किंवा पाट्याला कुठं घासतो का, हे पाहिलं. चाक लोंबकळतं असतानाही पाहिलं.

मग एअर काढणं. पाइप उघडला, की आत हवा शिरते. द्रव दाबला जात नाही, पण हवा दाबली जाते. त्यामुळे हवा राहिली, तर पेडल स्पंजासारखं लागतं. त्यासाठी एकानं पेडलवर बसायचं आणि एकानं खाली निपल उघडायचं. पेडलवर मी बसले. मेस्त्रींचा हाताखालचा पोरगा गोकाककडचा, त्याची भाषा कन्नड. तो खालून ओरडायचा, ‘‘ओत्तरी!’’ म्हणजे दाबा. मग ‘‘हिडीरी!’’, म्हणजे धरून ठेवा. तो निपल उघडायचा, पेडल खाली जायचं, निपल बंद व्हायचं आणि मग आवाज यायचा, ‘‘बिडी!’’ म्हणजे सोडा. निपाणीत ‘बिडी’ म्हटल्यावर तंबाखूशिवाय दुसरं काय आठवणार? मामा सोप्यातून म्हणाले, ‘‘त्येला म्हणावं आदी काम कर, बिडी मागनं वड.’’ सासूबाई हसून हसून बेजार झाल्या.

यात गंमत असली, तरी शब्दांचा क्रम पक्का ठरवून घ्यावा लागतो. निपल उघडं असताना पेडल सोडलं, तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळं पुन्हा करावं लागतं. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून जवळच्या चाकाकडे यायचं. निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवायचं, म्हणजे बुडबुडे दिसतात. टाकीतलं ऑइल संपू द्यायचं नाही. ते पाहायचं काम माझ्या मुलाकडे होतं. गाडी विकायला निघालेला तो पोरगा तासभर वाटीत वाटी धरल्यासारखा टाकीवर नजर ठेवून होता. बाहेर आलेलं जुनं ऑइल चहाच्या रंगाचं होतं. ते पुन्हा वापरायचं नाही. आणि ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंग उचलतं, म्हणून लगेच पाण्यानं धुवायचं.

शेवटी पेडल जोरानं दाबून मिनिटभर धरलं. ते खाली सरकलं नाही. सगळे जोड कोरड्या फडक्यानं पुसून पाहिले, ओल नव्हती. मग गल्लीतच सावकाश चालवून पाहिली आणि त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर नेली.

कापून पाहिलेला पाइप

मेस्त्रींनी जाता जाता डावा जुना पाइप ब्लेडनं मधोमध कापला आणि मामांच्या हातात दिला. आतली वाट सुईच्या नेढ्याएवढी उरली होती. उजवा कापला, तर त्याचंही आतलं रबर एका जागी सुटू लागलं होतं. मामा बराच वेळ ते तुकडे उजेडात धरून पाहत होते. काही बोलले नाहीत. संध्याकाळी दोन्ही तुकडे खिशात घालून ते पलीकडच्या आळीत गेले. तिथं त्यांच्या जुन्या सोबत्याकडेही अशीच जीप आहे आणि ती आठवड्याला बायाबापड्यांना भरून बाजाराला जाते. दुसऱ्या दिवशी ती जीप मेस्त्रींच्या दारात उभी होती.

घाटात काय होतं?

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच आहे आणि सावंतवाडी जवळजवळ तळाशी. माणसं भरलेली जीप दीड-पावणेदोन टनांची होते. ती सहाशे मीटर खाली येते, तेव्हा तिच्या वजनात साठलेली शक्ती कुठंतरी जिरायला हवी. हिशेब केला, तर तेवढ्या उष्णतेत पंचवीस-तीस लिटर पाणी उकळीला येईल. अंघोळीचा मोठा बंबच म्हणा ना! सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलं, तर यातली बहुतेक उष्णता चार ड्रमांत जाते, आणि तिथून सिलिंडरातल्या ऑइलमध्ये.

नवं डॉट ३ ऑइल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, डॉट ४ निदान २३० अंशांपर्यंत. पण हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. पाणी मुरल्यावर ही हद्द डॉट ३ ला १४० आणि डॉट ४ ला १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. ऑइल उकळलं, की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पाइप नवे असूनही पेडल खाली जातं. म्हणून पाइपांबरोबर ऑइलही बदलायचं, आणि पुढे दर दोन वर्षांनी बदलत राहायचं. आपल्या गाडीला कुठलं ऑइल सांगितलंय ते विचारून तेच घालावं. सिलिकॉनचं डॉट ५ त्यात मिसळू नये.

आणि उतारावर गिअर. घाट ज्या गिअरमध्ये चढलो असतो, त्याच गिअरमध्ये उतरायचा, म्हणजे बराच भार इंजिन घेतं. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून डिझेल वाचवणारे महाभाग तवंदीच्या घाटातही दिसतात आणि चोर्ल्यातही. वाचलेल्या डिझेलचा हिशेब कोण करणार, हे मात्र ते सांगत नाहीत.

साखरपुड्याला आम्ही सातजण जीपनंच गेलो. गाडी ह्यांनी चालवली, मामा शेजारी बसले. निघताना सासूबाई नेहमीप्रमाणे ‘‘निधान होगरी’’ म्हणाल्या, सावकाश जा. दुसऱ्या गिअरमध्ये घाट उतरून दाणोलीला चहाला थांबलो, तेव्हा माझा मुलगा चारही ड्रमांजवळ हात नेऊन आला. चारही सारखेच गरम होते. विकण्याचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. मी मात्र त्याला सांगून ठेवलंय, की ही गाडी ठेवायची, तर दर वर्षी तिच्याखाली वाकायचं. ते जमत नसेल त्या दिवशी खुशाल विका.

कागद आणि रबर

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते, मग गाडी केए २३ असो, केए २२ असो की एमएच ०९. पन्नास वर्षांवरच्या मूळ रूपातल्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्र सरकारनं ‘व्हिंटेज’ नोंदणीचे वेगळे नियम केले. पण एक लक्षात ठेवा: तपासणीच्या दिवशी ब्रेक लागला, म्हणजे पाइपच्या आतलं रबर पुढची पाच वर्षं टिकेल असं कुठलाही कागद सांगत नाही. ते आपलं आपल्यालाच पाहावं लागतं.

आपल्याकडे त्यासाठी मुहूर्तही ठरलेलाच आहे. मराठी घरात खंडेनवमी, कन्नड घरात आयुधपूजा. दोन्हीकडे गाडी धुतली जाते, हार घातला जातो, चाकाखाली लिंबू ठेवलं जातं. त्याच्या आधीच्या रविवारी अर्धा तास काढा. टॉर्च घेऊन खाली पाहा. प्रत्येक रबरी पाइप बोटांनी थोडा वाकवा. भेग, फुगवटा किंवा ओल दिसते का पाहा. कुणाला तरी पेडल दाबून धरायला सांगा आणि पाइप फुगतो का बघा. दहा किलोमीटर चालवून आल्यावर चारही ड्रमांजवळ हात नेऊन कुठला जास्त तापलाय ते ताडा; एकदम हात टेकवू नका. पाइप कधी बदलले हे घरात कुणालाच आठवत नसेल, तर ते बदलायची वेळ झाली असं धरून चाला. बदलल्यावर तारीख गाडीच्या कागदांच्या पिशवीत लिहून ठेवा, मराठीत किंवा कन्नडमध्ये, घरात पुढे गाडी चालवणाऱ्याला वाचता येईल अशा भाषेत.